डॉक्टर यलोचा वेग सोडा, जीवा विचारा

डॉक्टर यलोचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतीलच. जपानमधली पिवळीधमक, सात डब्यांची गाडी. ताशी 270 किलोमीटर वेगाने धावता धावता रूळ, वरच्या विजेच्या तारा आणि सिग्नल तपासते. साधारण दहा दिवसांतून एकदा निघते, वेळापत्रक जाहीर नसतं, म्हणून ती दिसणं शुभ मानतात. अशा दोन गाड्यांपैकी एक जानेवारी 2025 मध्ये निवृत्त झाली, तेव्हा निरोपाला गर्दी लोटली होती. आता मुंबई-अहमदाबाद मार्गाचं काम चालू आहे, त्यामुळे आपल्याकडेही हे व्हिडिओ फिरतात. मी राहतो त्या पार्ल्यापासून बीकेसी जवळच. 508 किलोमीटरचा तो मार्ग तिथूनच सुरू होणार आहे.

माझी तक्रार गाडीबद्दल नाही, कौतुकाच्या पद्धतीबद्दल आहे. "बापरे, एवढ्या वेगात मोजते!" इथेच सगळं संपतं. संशोधनाकडे वळणाऱ्या माणसाने पहिला प्रश्न वेगळा विचारायला हवा: या मोजमापाला काय दिसत नाही?

दोरीपासून सुरुवात करू. भारतीय रेल्वेत वळणाची तपासणी करताना रुळाच्या कडेला 20 मीटरची दोरी ताणून धरतात आणि मध्यभागी दोरी व रूळ यांच्यातलं अंतर मोजतात. दोरी म्हणजे जीवा, आणि ते अंतर म्हणजे व्हर्साइन. वळणाची त्रिज्या 500 मीटर असेल तर व्हर्साइन 100 मिलिमीटर येतो. रुळाचा उंचसखलपणाही याच तत्त्वाने मोजता येतो. जपानमध्ये त्यासाठी 10 मीटरची जीवा अनेक वर्षं वापरात आहे.

आता कल्पना करा, रूळ दर 5 मीटरला एक लाट या हिशेबाने वरखाली झालाय. 10 मीटरच्या दोरीची दोन्ही टोकं लाटेच्या माथ्यावर आहेत. मधला बिंदू कुठे? तोही माथ्यावरच! व्हर्साइन शून्य. रूळ खराब, पण वहीत "उत्तम". उलट लाट 10 मीटरची असेल तर टोकं माथ्यावर, मध्य खळग्यात, आणि दोष दुप्पट दिसतो. सूत्र सोपं आहे: जीवा L आणि लाटेची लांबी λ असेल, तर दोष 1 − cos(πL/λ) पट दिसतो.

हे सूत्र वेगाशी जोडलं की खरी गंमत कळते. प्रवासी डबा त्याच्या स्प्रिंगांवर सेकंदाला साधारण एकदा हेलकावतो असं धरू. लोकल ताशी 80 किलोमीटरने धावते तेव्हा सेकंदाला 22 मीटर जाते, म्हणजे डबा हलवणारी लाट 22 मीटरची. 10 मीटरच्या जीवेला तिचा 84 टक्के भाग दिसतो. ठीक आहे. पण बुलेट ट्रेन ताशी 320 किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला 89 मीटर जाते. तिला हलवणारी लाट 89 मीटरची, आणि त्याच जीवेला त्यातला जेमतेम 6 टक्के भाग दिसतो. 10 मिलिमीटरचा दोष कागदावर 0.6 मिलिमीटर! म्हणूनच शिंकान्सेनसाठी 40 मीटरच्या जीवेचाही हिशेब ठेवतात. तिला पुन्हा 84 टक्के दिसतं. म्हणजे नुसतं मोजणारी गाडी जोरात पळवून भागत नाही, मोजपट्टीही बदलावी लागते.

मग वेगाचं कौतुक अगदीच फोल का? नाही. धावत्या गाडीच्या भाराखाली रूळ जसा वागतो तसा रिकाम्या रुळावर वागत नाही, आणि वेगवान तपासणी गाडी इतर गाड्यांना अडवत नाही. शिवाय दुसरी एक पद्धत आहे: त्वरणमापकाचे आकडे दोनदा संकलित करून रुळाचा आकार काढायचा. इथे जीवेची अडचण नाही. पण गाडी हळू झाली की त्वरण इतकं कमी होतं की खरा संकेत सेन्सरच्या गोंगाटात बुडतो. म्हणजे आंधळी जागा इथेही आहे, फक्त दुसरीकडे.

हे मी पुस्तकातून शिकलो असतो तर बरं झालं असतं. एमएस्सीच्या प्रकल्पात मी फोन घेऊन विलेपार्ले ते चर्चगेट स्लो लोकलने अनेक फेऱ्या मारल्या, कंपनं नोंदवली आणि थाटात लिहिलं: "फलाटांजवळचे रूळ सर्वांत चांगल्या स्थितीत आढळले." तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी एकच विचारलं, "फलाटाजवळ गाडीचा वेग किती असतो?" मी गप्प. गाडी थांबत आली होती, म्हणून कंपनं कमी होती. रुळांबद्दल मला काहीच कळलेलं नव्हतं. डेटा खोटा नव्हता, आलेख सुबक होते, निष्कर्ष मात्र बाद. ते प्रकरण पुन्हा लिहिण्यात माझे दोन महिने गेले.

आता ओळखीचे विद्यार्थी सिनॉप्सिस वाचायला पाठवतात. त्यात "मशीन लर्निंगने रुळांतले दोष शोधणे" हा विषय बऱ्याचदा असतो. मॉडेलवर चार पानं, सेन्सरवर दोन ओळी. मित्रांनो, जो दोष सेन्सरपर्यंत पोचलाच नाही तो कोणतंही मॉडेल शोधू शकत नाही. आणि तुमची अचूकता त्याच सेन्सरच्या नोंदींवर तपासली असेल, तर ही चूक तुम्हाला कधी दिसणारही नाही.

म्हणून सिनॉप्सिसमध्ये मॉडेलच्या आधी तीन गोष्टी लिहा. तुम्हाला कोणत्या लांबीचे दोष हवे आहेत? तुमच्या उपकरणाला त्यातला किती भाग दिसतो? आणि वेगळ्या तत्त्वावर चालणारं दुसरं कोणतं मोजमाप तुम्ही पडताळणीला घेणार? विषय रेल्वेचा नसला तरी हे तिन्ही प्रश्न लागू पडतात.

मध्य जपानच्या रेल्वे कंपनीने 2024 मध्ये जाहीर केलं की 2027 पासून प्रवासी गाड्यांवरच तपासणीची उपकरणं बसवणार. म्हणजे नोंदी कितीतरी वाढतील. पण 5 मीटरची लाट न दिसणारी जीवा दहा दिवसांतून एकदा वापरली काय आणि रोज वापरली काय, तिला ती लाट दिसणार नाही.

आज एवढं करा: L = 10 आणि L = 40 घेऊन त्या सूत्राचे दोन आलेख एकाच कागदावर काढा, λ 3 पासून 100 मीटरपर्यंत. वक्र कुठे कुठे शून्याला टेकतात ते बघा. मग तुमच्या प्रयोगाच्या उपकरणासाठी असाच आलेख काढायला बसा. काढता आला नाही, तर डेटा गोळा करायला अजून निघू नका.