मंडळीचा इतिहास : चरित्र कीं नोंदवही ?

महाराष्ट्रांतील ख्रिस्ती मंडळ्यांच्या वाढीविषयीं जें लिखाण आजवर झालें आहे त्याचे दोन ठराविक सांचे आहेत. पहिला सांचा मंडळ्यांनीं स्वतः काढलेल्या स्मरणिकांचा. त्यांत आरंभीं एक उपदेशक गांवांत येतो, कोणाच्या तरी ओसरीवर चारपांच माणसें जमतात, पुढें पत्र्याचें छप्पर उभें राहतें, आणि शेवटच्या पानावर पक्क्या प्रार्थनामंदिराचें छायाचित्र असतें. दुसरा सांचा विरोधकांचा : दुष्काळ पडला, धान्य वाटलें गेलें, माणसें बाटलीं. हे दोन्ही पक्ष एकमेकांशीं कितीही भांडोत, एका गोष्टींत त्यांचें एकमत आहे. वाढ ही बाहेरून आलेल्या माणसाची करणी, असें दोघेही धरून चालतात. जे मंडळींत आले ते कोण होते, एकमेकांचे कोण लागत होते, कोणत्या गांवाहून कोणत्या गांवीं ही गोष्ट गेली, हें दोहोंतही सांपडत नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्ही अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) व जालना येथील कामाच्या साधनांची या दृष्टीनें परीक्षा करणार आहों. आणि हिंगोली जिल्ह्यांतील डोंगरकड्यासारख्या गांवीं असा इतिहास कोणी लिहूं म्हटल्यास त्यानें कशावर भिस्त ठेवावी, हें शेवटीं सांगणार आहों.

अमेरिकन मिशनचे पहिले लोक सन १८१३ मध्यें मुंबईस उतरले व १८३१ मध्यें त्यांनीं नगरास ठाणें केलें. या ठाण्याविषयींचें सर्वांत जुनें मोठें पुस्तक म्हणजे हॉलिस रीड यांनीं लिहिलेलें बाबाजी नामक ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मणाचें इंग्रजी चरित्र. हें न्यूयॉर्क येथें १८३६ मध्यें दोन भागांत छापलें. बाबाजी मिशनऱ्यांबरोबर नगरास आला व १८३३ मध्येंच वारला. म्हणजे नगरच्या कामांत तो पुरतीं दोन वर्षेंही नव्हता. तरी त्याच्या निमित्तानें हिंदूंचे आचारविचार, दख्खनचें वर्णन आणि मिशनची हकीकत असें सर्व कांहीं या दोन भागांत आलें आहे. रीड यांस हा मनुष्य प्रत्यक्ष ठाऊक होता, हा या ग्रंथाचा मोठा गुण. परंतु संशोधकानें दोन उणिवा ध्यानांत ठेवल्या पाहिजेत. बाबाजीचे विचार आपणांस येथें मिळतात ते इंग्रजींत उतरून, अमेरिकेंतील वर्गणीदारांसमोर मांडण्यासाठीं निवडलेले. ज्या मराठींत तो बोलला व ज्या अक्षरांत त्यानें लिहिलें, तें मूळ या ग्रंथावरून हातीं येत नाहीं. भाषांतरित बखरीवरून मूळ बखरीची भाषा ठरविण्यास आपल्यापैकीं कोणी धजणार नाहीं. मग येथेंच तसें कां करावें?

दुसरी उणीव याहून मोठी आहे. नगरची मंडळी १८३३ मध्यें रीतसर स्थापन झाली. तिच्या आरंभींच्या सभासदांत शहरांतील दरिद्री, वृद्ध व पंगू लोकांसाठीं चालविलेल्या आश्रयगृहांतील माणसें होतीं, आणि त्यांत महार होते. या आश्रयगृहावर देखरेख करण्याचें काम बाबाजीकडे होतें. म्हणजे ग्रंथ झाला तो देखरेख करणाराचा. मंडळी झाली ती ज्यांवर देखरेख होती त्यांची. रीड यांस यांत लबाडी करावयाची होती असें आमचें म्हणणें नाहीं. ब्राह्मणाचें धर्मांतर ही त्या काळीं दोन्ही खंडांत वाचली जाणारी गोष्ट होती. पंगू महाराचें धर्मांतर तशी नव्हती. परंतु अपवादाचा वृत्तांत नियमाच्या जागीं ठेवला कीं वाढीचें कारण हरवतें, आणि नेमकें तेंच येथें झालें आहे.

पुढील पिढीचें मुख्य साधन म्हणजे याच मिशनच्या १८१३ ते १८८१ या काळाचा स्मारकग्रंथ. नगरच्या कामास पन्नास वर्षें झालीं त्या निमित्तानें तो तयार झाला व १८८२ मध्यें मुंबईस छापला. येथें दृष्टि पुष्कळ रुंद झाली आहे. शाळा, छापखाना, खेड्यांतील मंडळ्या, देशी पाळक यांचा विषयवार विचार आहे. १८४२ मध्यें सुरू झालेल्या ‘ज्ञानोदया’चे जुने अंक जोडीस घेतले म्हणजे एक चौकट उभी राहते. १८३९ मध्यें बाप्तिस्मा घेतलेले हरि रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांस १८५४ मध्यें पाळकपदाची दीक्षा मिळाली. त्याच वर्षीं मिशनच्या बोस्टन येथील मंडळाचे चिटणीस रूफस अँडरसन पाहणीसाठीं आले. मंडळीनें आपला कारभार आपण पाहावा, आपला खर्च आपण सोसावा व आपला प्रसार आपण करावा, हें त्यांचें प्रसिद्ध त्रिसूत्र. इंग्रजी शाळांवरील भर कमी करून खेडोपाडीं लहान मंडळ्या व त्यांवर देशी पाळक, असा कामाचा रोंख या भेटीनंतर ठरला. आज ज्यास मंडळी-स्थापनेची चळवळ म्हणतात व जिच्यावर डेव्हिड गॅरिसन यांचें पुस्तक २००४ मध्यें निघालें, तिची कल्पना नवी नाहीं; तिचा एक जुना प्रयोग गोदावरीच्या खोऱ्यांत होऊन गेला आहे.

हा प्रयोग वाढला तो कशानें ? स्मारकग्रंथ धोरणास श्रेय देतो. आम्हांस तें अर्धेंच पटतें. धोरणानें पाळक नेमतां येतो, सोयरीक नेमतां येत नाहीं. महारांची वतनी चाकरी त्यांस गांवोगांव फिरवी : निरोप पोंचविणें, सरकारी टपाल व सारा पुढील ठिकाणीं नेणें, वाटाड्या होणें. त्यांच्या लेकी दहा कोसांच्या आंत दिलेल्या असत. एका गांवच्या महारवाड्यांत बाप्तिस्मा झाला कीं त्याची वार्ता मिशनऱ्याच्या तंबूच्या आधीं व्याह्यांच्या घरीं पोंचे. जे. वास्कम पिकेट यांनीं १९३३ मध्यें हिंदुस्थानांतील समूहधर्मांतरांची पाहणी प्रसिद्ध केली व डोनाल्ड मॅगॅव्हरन यांनीं १९५५ मध्यें नात्यागोत्यांच्या पुलांची उपपत्ति मांडली. दोघांचाही निष्कर्ष हाच आहे कीं, जेथें माणूस आपल्या गोतासह आला तेथें मंडळी टिकली.

या निष्कर्षाची कसोटी पाहण्यास जालन्याचें उदाहरण उपयोगी पडतें. नारायण शेषाद्रि यांनीं १८४३ मध्यें मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याच्या शुद्धीचा वाद महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासांत प्रसिद्धच आहे. पुढें शेषाद्रि निजामाच्या मुलखांत जालन्यास गेले, आणि सालारजंगांच्या कारकीर्दींत सरकारकडून जमीन मिळवून त्यांनीं जालन्याजवळ बेथेल ही स्वतंत्र ख्रिस्ती वस्ती वसविली. १८७३ मध्यें न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेंत फेटा बांधून बोलणारे हे गृहस्थ तिकडच्या वृत्तपत्रांत गाजले. नगरकडे नवे ख्रिस्ती आपल्याच गांवीं, आपल्याच वाड्यांत राहिले व बलुत्याच्या जाचासह दिवस काढते झाले. बेथेलमध्यें त्यांस जमीन, विहीर व आसरा मिळाला, परंतु मागील गांवाशीं त्यांचा रोजचा संबंध सुटला. एका रीतींत संरक्षण कमी व प्रसार जास्त. दुसरींत संरक्षण जास्त व प्रसार कमी. बेथेलचा इतिहास संस्थापकाच्या चरित्रांत बराचसा मावतो, नगरकडील खेड्यांचा मावत नाहीं, याचेंही कारण हेंच होय.

आतां विरोधकांच्या सांच्याकडे वळूं. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानंतर नगर जिल्ह्यांत बाप्तिस्म्यांची संख्या एकदम फुगली, हें निर्विवाद आहे. परंतु खेड्यांतील मंडळ्या त्यापूर्वीं वीस वर्षें उभ्या होत्या. तेव्हां दुष्काळानें वेग वाढविला इतकें म्हणतां येईल. दुष्काळानें आरंभ केला असें म्हणणें कालक्रमाच्या विरुद्ध जातें. शिवाय धान्यासाठीं आलेलें कुटुंब धान्य संपल्यावर राहिलें कीं गेलें, हा प्रश्न मतानें सुटणारा नव्हे. १८७८ चीं कुटुंबें १८९० च्या यादींत आहेत कीं नाहींत, हें पाहूनच तो सुटेल. उत्तर कोणत्याही पक्षास गैरसोयीचें निघालें तरी तें स्वीकारलें पाहिजे.

येथें आमचा मुख्य मुद्दा येतो. बाप्तिस्म्याच्या नोंदवहींत सामान्यतः तारीख, नांव, आईबापांचें नांव, गांव व बाप्तिस्मा देणाराचें नांव असतें. अशा पन्नास नोंदी ओळीनें लावल्या तर कोणत्या घराच्या मागून कोणतें घर आलें हें दिसूं लागतें. सभासदांच्या याद्या जोडल्या तर कोण गेलें तेंही कळतें. चरित्र व अहवाल यांस जें सांगतां आलें नाहीं तें ही वही न बोलतां सांगते. विवाहांच्या नोंदींची प्रत १८७२ च्या कायद्यानें सरकारांत पाठवावी लागे, म्हणून त्या दोन ठिकाणीं शोधतां येतात. बाप्तिस्म्याच्या वहीस असें दुसरें घर नसतें. ती पाळकाच्या पेटींत असते. पाळक बदलतो, पेटी गळक्या खोलींत जाते, आणि एका पावसाळ्यांत साठ वर्षांचा इतिहास चिकटून एक होतो.

या वहीची गरज १९५० नंतर वाढली आहे. त्या वर्षींच्या राष्ट्रपतींच्या आदेशानें अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठरल्या. त्या १९५६ मध्यें शिखांस व १९९० मध्यें बौद्धांस मिळाल्या, ख्रिस्त्यांस मिळाल्या नाहींत. त्यामुळें प्रार्थनेस येणारा मनुष्य सरकारी कागदावर आपला धर्म कोणता लिहील हें सांगतां येत नाहीं. शिरगणतीचा आकडा म्हणून कमी पडतो, आणि चळवळीच्या प्रचारकांचा आकडा उत्साहानें फुगतो. दोन्ही आकड्यांवर वाद घालणें सोपें आहे. नोंदवही वाचणें कष्टाचें आहे.

डोंगरकडा कळमनुरी तालुक्यांत येतो. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाचा व १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्याचा. या भागांतील मंडळीचा इतिहास लिहिणारानें एक चूक टाळावी. हिंगोलीस हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, म्हणून तेथील गोऱ्या अंमलदारांच्या जन्ममृत्यूच्या नोंदी पाहून कोणी खेड्यांतील मंडळीचा आरंभ शंभर वर्षें मागें नेईल. तशा लष्करी नोंदी पलटणींच्या आहेत. गांवकऱ्यांच्या मंडळीशीं त्यांचा धागा जोडण्यास वेगळा पुरावा हवा. मंडळी वीस वर्षांचीच असली तर ती वीस वर्षांचीच म्हणून लिहावी. पहिल्या दहा घरांचीं नांवें, त्यांचें माहेर-सासर, पहिली सभा कोणाच्या घरीं भरली, कोण सोडून गेलें व कां, इतकें आज जिवंत माणसांकडून उतरून घेतलें तर तें रीड यांच्या दोन भागांपेक्षां पुढील संशोधकास अधिक उपयोगी पडेल.

आमच्या संग्राहक वाचकांस एवढीच विनंती कीं, ताम्रपट व सनदा शोधीत खेड्यांत जाल तेव्हां प्रार्थनामंदिराची पेटीही पाहण्याची परवानगी मागावी. वही मागून आणूं नये. ती त्या लोकांची आहे व त्यांच्याजवळच राहावी. पानांचीं छायाचित्रें घ्यावींत, एक प्रत मंडळीस द्यावी, एक संशोधनसंस्थेंत ठेवावी, आणि हयात माणसांचीं नांवें त्यांच्या संमतीवांचून छापूं नयेत. वह्यांचें आयुष्य थोडें आहे. त्या गेल्या तर हातीं पुन्हा बाबाजीचें चरित्रच उरेल, आणि आश्रयगृहांतील त्या माणसांचीं नांवें दुसऱ्यांदा नाहींशीं होतील.