चार तळहातांएवढी जमीन

वर्तुळाकार गतीचा पाठ शिकवताना आपण फळ्यावर एक वळण काढतो, त्यावर मोटारीच्या जागी एक ठिपका देतो आणि घर्षण गुणांक, त्रिज्या व गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ म्हणजे वेगाची मर्यादा, असे लिहून मोकळे होतो. घर्षण गुणांक ०.८, त्रिज्या ५० मीटर, गुरुत्वत्वरण १० धरले की उत्तर येते सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर. सूत्रातून वस्तुमान उडून गेल्यामुळे रिकामी गाडी आणि भरलेली गाडी सारखीच, असेही आपण उत्साहाने सांगतो.

विल्यम आणि डग्लस मिलिकन या पितापुत्रांचे 'रेस कार व्हेइकल डायनॅमिक्स' (१९९५) वाचताना हा ठिपका टिकत नाही. थोरले मिलिकन मूळचे विमानांचे अभियंते. विमानाच्या स्थैर्याचे आणि नियंत्रणाचे गणित मोटारीला लावण्याचे मोठे काम अमेरिकेतील कॉर्नेल एअरोनॉटिकल लॅबोरेटरीत झाले, त्यात ते होते. शिवाय ते स्वतः शर्यतीत उतरत. १९४८ साली वॉटकिन्स ग्लेनच्या पहिल्या शर्यतीत त्यांची बुगाटी एका वळणावर उलटली आणि ते वळण त्यांच्याच नावाने ओळखले जाऊ लागले! ठेच खाल्लेल्या माणसाचे हे पुस्तक आहे, आणि ते जाणवते.

त्यातले टायरवरचे प्रकरण आम्हाला सर्वांत मोलाचे वाटले. मोटार जमिनीला टेकते ती साधारण तळहाताएवढ्या चार ठिकाणी, आणि वळण्याचे सगळे बल तिथूनच येते. टायर ज्या दिशेला रोखलेला असतो, नेमका त्याच दिशेने तो जात नाही; दोहोंत काही अंशांचा कोन पडतो आणि त्या कोनामुळेच रबर ताणले जाऊन आडवे बल निर्माण होते. भार वाढला की हे बल वाढते, पण त्याच प्रमाणात नाही.

सोयीसाठी आकडे आम्ही घेतो. एका आसाच्या दोन टायरांवर प्रत्येकी ३००० न्यूटन भार आणि गुणांक १.१ असेल, तर एकूण पकड ६६०० न्यूटन. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला रेलते. समजा भार ५००० आणि १००० असा विभागला, आणि गुणांक अनुक्रमे १.० व १.२ झाले. आता पकड ५००० अधिक १२००, म्हणजे ६२००. गाडीचे वजन तेवढेच, तरी ४०० न्यूटन गेले. शर्यतीची गाडी बुटकी आणि रुंद का असते, याचे एक कारण इथे हाती लागते. भरलेल्या गाडीबद्दलचे आपले उत्साही विधानही इथेच डळमळते.

दुसरी गोष्ट ब्रेकची. पकडीचा ६० टक्के भाग ब्रेकसाठी खर्च केला, तर वळायला किती उरतो? विद्यार्थी ४० म्हणतील. बले काटकोनात असल्याने पायथागोरस लावावा लागतो आणि उत्तर येते ८०. मात्र पूर्ण ब्रेक दाबला की वळायला काहीच उरत नाही. कुशल चालक वळणात शिरताना ब्रेक हळूहळू सोडत स्टिअरिंग वळवतो, ते याच हिशेबाने. रस्त्याची पूर्ण रुंदी वापरून त्याने त्रिज्या ५० वरून ७२ मीटर केली, तर आपल्या सूत्रानेही वेग ८६ किलोमीटरवर जातो. म्हणजे सूत्र टाकाऊ नाही. ते कुठवर चालते एवढेच सांगायचे राहून जाते.

तक्रारीही आहेत. सुमारे नऊशे पानांचा हा ग्रंथ अभियंत्यांसाठी आहे, शिक्षकासाठी नाही. पौंड आणि फूट यांची रेलचेल आहे. आलेखांमागून आलेख येतात, पण रबर असे का वागते, हा शाळकरी प्रश्न मनाचे समाधान होईल इतका सोडवलेला नाही. उदाहरणे सोडवायची तर २००३ साली निघालेले वेगळे पुस्तक घ्यावे लागते.

म्हणून वर्गात सुरुवात या ग्रंथाने करू नये. लाकडी ठोकळ्याच्या तळाला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चिकटवा, गुळगुळीत फरशीवर ताणकाट्याने ओढा, वजने वाढवत जा आणि प्रत्येक वेळी ओढीला भाराने भागा. मग नुसत्या लाकडी ठोकळ्याने तेच करा आणि दोन्ही तक्ते शेजारी शेजारी मांडा. टायरचे प्रकरण त्यानंतर उघडावे.