मानेच्या चकतीची प्रतवारी : एक चिकित्सा

मानेच्या कण्यातील चकत्यांचा ऱ्हास एम.आर.आय.च्या साहाय्याने ठरविण्याची पद्धत आता सर्वत्र रूढ झाली आहे. साध्या क्ष-किरणचित्रात चकती दिसत नाही. दोन मणक्यांमधील अंतरावरून तिच्या स्थितीचे अनुमान करावे लागते. एम.आर.आय.मध्ये ती प्रत्यक्ष दिसते, हा लाभ निर्विवाद होय. परंतु त्या प्रतिमेला दिलेल्या श्रेणीचा नेमका अर्थ कोणता, हा प्रश्न अनेक प्रबंधांत विचारलाच जात नाही.

या विषयात सर्वाधिक आधार घेतला जातो तो फिर्मन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 साली मांडलेल्या पाच श्रेणींचा. चकतीचा शुभ्रपणा, गाभा व तंतुवलय यांमधील सीमेची स्पष्टता आणि चकतीची उंची हे तिचे मुख्य निकष होत. ही प्रतवारी कमरेच्या चकत्यांसाठी रचलेली होती. ती मानेला जशीच्या तशी लावण्यात एक गृहीतक दडलेले आहे, ते असे की दोन्ही ठिकाणच्या चकत्या केवळ आकाराने भिन्न आहेत. मर्सर व बोगडक यांनी 1999 साली केलेल्या विच्छेदनाभ्यासाने या गृहीतकाला बाध आणला. प्रौढ मानेत तंतुवलय पुढील बाजूस जाड, कडांकडे निमुळते आणि मागे केवळ पातळ थरासारखे असते. कमरेप्रमाणे ते गाभ्याला सर्व बाजूंनी वेढीत नाही. तेव्हा मानेच्या प्रतिमेत सीमा पुसट दिसली, तर तो ऱ्हास समजावयाचा की स्वाभाविक रचना, हे केवळ त्या निकषावरून ठरत नाही.

मानेसाठी स्वतंत्र प्रतवारी मियाझाकी व सहकाऱ्यांनी 2008 साली मांडली आणि निरीक्षकांमधील एकमत तपासले. हे कार्य आवश्यकच होते. मात्र एकमत म्हणजे विश्वसनीयता, यथार्थता नव्हे. दोन निरीक्षकांनी एकाच चकतीला चौथी श्रेणी दिली, म्हणून ती चकती दुखण्याचे कारण ठरत नाही.

याचा सर्वांत सबळ पुरावा लक्षणरहित व्यक्तींच्या अभ्यासात मिळतो. मात्सुमोतो व सहकाऱ्यांनी 1998 साली अशा 497 व्यक्तींच्या माना तपासल्या. विशीतील पुरुषांच्या 17 टक्के व स्त्रियांच्या 12 टक्के चकत्यांत ऱ्हास आढळला. साठीपुढे हेच प्रमाण अनुक्रमे 86 व 89 टक्क्यांवर गेले. वयाची जुळणी केलेला लक्षणरहित तुलनागट नसेल, तर मानदुखीच्या रुग्णांत आढळलेला ऱ्हास हा रोगाचा की वयाचा, हे सांगता येत नाही. अशा प्रबंधाचे निष्कर्ष संख्याशास्त्रीय कोष्टकांनी कितीही भरलेले असले, तरी मुळात दुर्बळच राहतात.

आणखी एक मुद्दा दुर्लक्षिता येत नाही. प्रतिमेतील शुभ्रपणा हे निरपेक्ष माप नाही. यंत्र व चित्रणाची रीत बदलली की तोही बदलतो. म्हणूनच मेरुद्रवाच्या शुभ्रपणाशी तुलना करावी लागते, आणि चित्रणाची रीत नोंदविणे अपरिहार्य ठरते.

हा वाद केवळ वर्गीकरणाचा नाही. अहवालातील श्रेणी वाचून रुग्ण धास्तावतो आणि कधी शस्त्रक्रियेचा विचारही तेथूनच सुरू होतो. पाचव्या व सहाव्या मणक्यांमधील चकती काळवंडलेली दिसली, तरी अंगठ्याकडील बधिरता, स्नायूंची दुर्बलता वा मंदावलेली प्रतिक्षिप्त क्रिया यांनी सहाव्या चेतामुळाची साक्ष दिल्याविना त्या चकतीवर दोष ठेवणे युक्त नव्हे. श्रेणी चकतीचे वर्णन करते. निदान रुग्णाच्या तपासणीनेच पूर्ण होते.