मॅक की विंडोज? एका वादाची चिकित्सा

आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, की तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात हे दुकान कुठून आलं? घरी किंवा व्यवसाय म्हणून गाणं मुद्रित करायचं, तर कॉम्प्युटर कोणता घ्यायचा: मॅक, विंडोज की लिनक्स? पण गाणाऱ्या-वाजवणाऱ्या मुलामुलींना हा प्रश्न खरोखर पडतो, त्यात घरातले बरेच पैसे अडकतात, आणि त्यावरची भांडणं ऐकली की लक्षात येतं, इथे तर्कशास्त्राला भरपूर काम आहे. म्हणून आज आपण यंत्राची नाही, या वादाची चिकित्सा करू या.

न्यायदर्शनात चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. खरं काय ते कळावं म्हणून होतो तो वाद. जिंकायचं म्हणून होतो तो जल्प. आणि स्वतःचं काहीच न मांडता समोरच्याचं नुसतं खोडत राहायचं, ती वितंडा. मॅकवाले आणि विंडोजवाले यांच्यात चालतो तो बहुतेक वेळा जल्प असतो. लिनक्सवाले येऊन बसले की वितंडाही सुरू होते. आता जल्पात गंमत अशी होते, की भांडणारे दोन्ही पक्ष एखादी गोष्ट न तपासताच मान्य करून बसलेले असतात. इथे ती गोष्ट म्हणजे, यंत्रानुसार आवाज बदलतो. अमक्या कॉम्प्युटरवर गाणं 'चांगलं येतं'.

हे आधी बाजूला करू. माइक हवेतल्या दाबाची वीज करतो. इंटरफेस नावाची छोटी पेटी त्या विजेचं सेकंदाला ४८,००० वेळा माप घेते आणि प्रत्येक माप २४ बिटांत लिहिते. हे सगळं तारेतून कॉम्प्युटरपर्यंत पोचायच्या आधीच उरकलेलं असतं! कॉम्प्युटरच्या हाती येतात ते नुसते आकडे. आणि वहीचा रंग बदलला म्हणून कारकुनाची बेरीज बदलत नाही. तोच माइक, तोच इंटरफेस, तीच खोली असेल, तर मॅक काय आणि विंडोज काय, आकड्यांत फरक पडायचं कारण नाही. आवाज बदलतो तो माइकने, खोलीने, छतावरच्या पंख्याने आणि शेजारच्या कुकरच्या शिट्टीने. हातात थोडे जास्त पैसे असतील, तर ते आधी तिकडे जावेत. भिंतीजवळ टांगलेल्या दोन जाड गोधड्या महागड्या प्रोसेसरपेक्षा गाण्याला जास्त उपयोगी पडतात.

मग यंत्राने काहीच फरक पडत नाही का? पडतो. पण तो आवाजात नाही, काळात पडतो. आणि हा काळ तीन मापांचा आहे: मिलिसेकंदांचा, आवर्तनाचा आणि दशकांचा.

पहिला मिलिसेकंदांचा. कॉम्प्युटर आकडे एकेक करून घेत नाही, ओंजळीने घेतो. या ओंजळीला बफर म्हणतात. ओंजळ २५६ आकड्यांची असेल, तर ती भरायला साधारण ५.३ मिलिसेकंद लागतात. आवाज आत यायला तेवढे, बाहेर पडून हेडफोनमध्ये यायला पुन्हा तेवढे. म्हणजे किमान १०-११ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात हवेतून ध्वनी सुमारे साडेतीन मीटर जातो. तबलजी समोरच्या भिंतीशी बसला आहे असं समजा, चालून जाईल. ओंजळ १०२४ आकड्यांची केली, तर हाच तबलजी चौदा-पंधरा मीटर लांब, जवळजवळ मांडवाच्या दाराशी जाऊन बसतो. द्रुत लयीत त्याच्याबरोबर समेवर या बघू!

इथे यंत्रायंत्रांत खरा फरक आहे, आणि तो प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. अॅपलने 'कोअर ऑडिओ' ही व्यवस्था मॅकच्या यंत्रणेतच बसवली, त्यामुळे तिथे कमी खटपटीत काम होतं. विंडोजचा नेहमीचा रस्ता गाण्यासाठी आखलेला नव्हता. म्हणून स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ साली 'एएसआयओ' नावाची वेगळी वाट काढली. ती वाट चांगली आहे, पण तिच्यासाठी इंटरफेस बनवणाऱ्याने नीट ड्रायव्हर लिहावा लागतो. म्हणजे विंडोज घेताना तुम्ही प्रत्यक्षात इंटरफेसवाल्याच्या ड्रायव्हरवर भरवसा टाकत असता. लिनक्सवर 'जॅक' आणि आता 'पाइपवायर' यांनी हे काम उत्तम होतं, फक्त पेटी वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालणारी हवी. खरेदीपूर्वी विचारायचं ते हे.

पण त्यातही एक मेख आहे. बहुतेक इंटरफेसवर 'डायरेक्ट मॉनिटरिंग'ची सोय असते. ती वापरली की गाणाऱ्याचा आवाज कॉम्प्युटरला वळसा न घालता थेट त्याच्या कानात येतो. म्हणजे ज्याला तानपुऱ्यावर बसून ख्याल मुद्रित करायचा आहे, त्याच्यासाठी हा पहिला फरक जवळपास उरतच नाही. तो उरतो कीबोर्डवरून कॉम्प्युटरमधली वाद्यं वाजवणाऱ्याला, किंवा गाताना आवाजावर कॉम्प्युटरमधलेच परिणाम ऐकू इच्छिणाऱ्याला. प्रश्न एकच, पण दोन माणसांना तो दोन वेगळ्या वजनांनी लागू होतो. जल्पात नेमका हाच विवेक हरवतो.

दुसरा काळ आवर्तनाचा. इथे आमची तक्रार कुठल्या एका पक्षावर नाही, सगळ्यांवर आहे. यातली बहुतेक सॉफ्टवेअर उघडली की पडद्यावर रेघा आखलेल्या असतात: चार मात्रांचा गट, मिनिटाला १२० ठोके. तुम्ही काही न सांगता हे ठरलेलं असतं. विलंबित एकतालाचं आवर्तन एवढं संथ असू शकतं, की ते मिनिटभर चालावं. आणि मैफलीत लय हळूहळू चढत जाते, ती चढावीच लागते. तिला ठोक्याच्या खुंटीला बांधलं, की गाणं बरोबर येतं, पण मैफल येत नाही. सुरांचंही तेच. १९९७ साली आलेल्या ऑटो-ट्यूनसारखी साधनं एरवी सप्तकाचे बारा समान भाग धरून सूर 'सुधारतात'. दरबारीतला आंदोलित गंधार त्यांच्या हिशेबी चूक ठरतो. रेघा बंद करता येतात, सुधारणा नाकारता येते, हे खरं. पण ते करायला आपल्याला आपलं गाणं आधी माहीत असावं लागतं. नव्याने शिकणारा पडद्यावरच्या रेघांनाच ताल समजू लागतो.

साधनाने गाण्याला आकार द्यावा, हे काही नवीन नाही. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानचं गाणं तबकडीवर उतरलं, तेव्हा जागा होती तीनेक मिनिटांची. तासाभराचा राग त्यात बसवायचा तर काय ठेवायचं, काय गाळायचं, याचा निर्णय गायकाला करावा लागला. त्यातून काही अप्रतिम गाणं झालं, हेही मान्य करू. पण त्या गायकांना मर्यादा दिसत होती, तबकडी संपायची. आजची मर्यादा दिसत नाही, कारण ती सोय म्हणून समोर येते.

तिसरा काळ दशकांचा, आणि आमच्या मते निवडीचा खरा कस इथे लागतो. १९८५ साली आलेल्या अटारी एसटी या कॉम्प्युटरला मिडीच्या जोडण्या अंगचाच होत्या. क्यूबेस १९८९ मध्ये पहिल्यांदा त्याच्यावरच आलं. 'संगीतासाठी अटारी घ्या' हा त्या वेळी शहाणपणाचा सल्ला होता. १९९३ साली अटारीने कॉम्प्युटरचा धंदाच सोडला. लॉजिक हे सॉफ्टवेअर विंडोजवर चालत असे; २००२ मध्ये अॅपलने ते बनवणारी इमॅजिक कंपनी घेतली आणि विंडोजची आवृत्ती बंद झाली. विंडोजवरच्या सोनारचं काम गिब्सनने २०१७ मध्ये थांबवलं. पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीने ते घेतलं म्हणून वाचलं. आणि मॅकवाल्यांनी निर्धास्त राहावं असंही नाही. २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीने ३२ बिटांचे सगळे प्रोग्राम एका फटक्यात बंद केले, आणि २०२० पासून प्रोसेसरच बदलला.

यात कुणाची लबाडी आहे असं नाही; धंदा असाच चालतो. पण परिणाम पाहा. एखाद्या गुरूंच्या शेवटच्या वर्षांतल्या शिकवण्या शिष्याने मुद्रित केल्या. त्या एका सॉफ्टवेअरच्या प्रोजेक्ट फाइलमध्ये पडून आहेत. वीस वर्षांनी ते सॉफ्टवेअर नाही, प्लगिन नाही, ते यंत्र नाही. गाणं चोरीला गेलं नाही, जळालं नाही. पण ते उघडणारं कुणी उरलं नाही. घराण्याच्या विद्येत याहून मोठं नुकसान कोणतं?

याच्या उलट उदाहरण घ्या. गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली. पाठवणाऱ्यांनी नुसती तबकडी नाही पाठवली. सोबत सुई दिली आणि ती कशी वाजवायची याची आकृती वेष्टनावर कोरली. ऐकणारा कोण असेल, त्याच्याकडे कुठलं यंत्र असेल, हे ठाऊक नाही, असं धरून केलेली ही तयारी आहे. आपलं घरचं मुद्रणही त्याच वृत्तीने ठेवलं पाहिजे.

मग घ्यायचं काय? ज्याच्या घरी बऱ्यापैकी चालणारा कॉम्प्युटर आहे, त्याने गायन-वादनासाठी नवा घेऊ नये. रीपर हे सॉफ्टवेअर तिन्हीकडे चालतं, आर्डरही चालतं. ज्याला व्यवसाय करायचा आहे, त्याने ज्यांच्याबरोबर काम करायचं ते काय वापरतात, हे आधी पाहावं. चित्रपटांच्या ध्वनिकामात प्रो टूल्सचा वावर मोठा आहे. तिथे एकट्याने वेगळी चूल मांडण्यात अर्थ नाही. लॉजिकच हवं असेल तर मॅकला पर्याय नाही. पंखा नसलेला लॅपटॉप माइकजवळ ठेवता येतो, हाही एक खराखुरा फायदा. फक्त उन्हाळ्यात तो तापला की मंदावतो, हे लक्षात असू द्या.

आणि यंत्र कोणतंही असो, एक नियम पाळा. काम संपलं की प्रत्येक आवाज वेगळा, आरंभापासून शेवटपर्यंत, साध्या वेव्ह फाइलमध्ये काढून ठेवा: २४ बिट, निदान ४८ किलोहर्ट्झ. तासाभराच्या एका आवाजाला सुमारे ५२० मेगाबाइट लागतात. आजच्या हिशेबाने ही जागा काहीच नाही. सोबत साध्या मजकुराची एक फाइल: राग, ताल, पट्टी, तारीख, गाणारे कोण, साथीला कोण. दोन वेगळ्या डिस्कवर दोन प्रती, त्यातली एक दुसऱ्या घरी. हे केलंत, तर मॅक की विंडोज हा प्रश्न सोयीचा उरतो, श्रद्धेचा राहत नाही. एवढं साधलं तरी आजच्या जल्पाचा थोडा वाद झाला म्हणायचा. आता तुमचे प्रश्न घेऊ.