गाते कोण? : ‘हकीकत’ (१९६४) आणि मदनमोहन यांचे संगीत



‘कर चले हम फिदा’ हे गाणे तुम्ही नक्की ऐकले असेल. ते ज्या चित्रपटात आहे तो मात्र तुमच्यापैकी थोड्यांनीच पाहिला असेल. मीही बरीच वर्षे त्यातलाच होतो. मी भिलाईतील कुरुद येथे अभियांत्रिकीच्या मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, त्यामुळे पंधरा ऑगस्टला लाउडस्पीकर आणि ॲम्प्लिफायर आपोआप माझ्याकडे येतात. झेंडावंदन झाले की हे गाणे लावायचे आणि बुंदीचे वाटप संपेपर्यंत ते चालू ठेवायचे, असा आमचा शिरस्ता होता. एका वर्षी चित्रपट रसग्रहणाच्या तासाला मी ‘हकीकत’ पूर्ण दाखवला. दिवे लागल्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, म्हणजे हे हरलेल्या लढाईचे गाणे आहे?”

मला तेव्हा नीट उत्तर देता आले नाही. या पाठात ते देण्याचा प्रयत्न करतो. मी संगीताचे रीतसर शिक्षण घेतलेले नाही, म्हणून रागांच्या चर्चेत शिरणार नाही. युद्धपटाचे संगीत ऐकताना एकच प्रश्न विचारू या : गाते कोण?

१. पार्श्वभूमी

चेतन आनंद यांचा ‘हकीकत’ १९६४ साली आला. विषय होता १९६२ चे चीनबरोबरचे युद्ध, म्हणजे दोनच वर्षांपूर्वीची जखम. कथा लडाखमधील एका तुकडीची आहे. चौक्या तुटक, कुमक दूर आणि समोर संख्येने कितीतरी मोठे सैन्य. बलराज साहनी, धर्मेंद्र, प्रिया राजवंश यांच्या त्यात भूमिका आहेत. गीते कैफी आझमी यांची आणि संगीत मदनमोहन यांचे.

मदनमोहन यांचे नाव घेतले की गझल आणि लता मंगेशकर आठवतात. पण १९४३ मध्ये ते सेकंड लेफ्टनंट म्हणून सैन्यात दाखल झाले होते आणि दुसरे महायुद्ध संपेपर्यंत सेवेत होते. गणवेशातल्या माणसाचा बहुतेक वेळ वाट पाहण्यात जातो, हे त्यांना ऐकून माहीत नव्हते, जगून माहीत होते. या चित्रपटाचे संगीतही मुख्यतः वाट पाहण्याचे आहे.

२. युद्ध गाण्याच्या तीन रीती

पहिली रीत मराठी वाचकाला ओळखीची आहे, ती म्हणजे पोवाडा. अज्ञानदासाचा अफझलखान वधाचा पोवाडा असो की तुळशीदासाचा सिंहगडाचा, शाहीर डफावर थाप मारून दुसऱ्याच्या पराक्रमाची हकिगत सांगतो. लढणारा वेगळा आणि गाणारा वेगळा.

दुसरी रीत आमच्या भागात दिसते. भिलाईजवळच्या गनियारी गावच्या तीजनबाईंनी पंडवानी जगभर नेली. २०१९ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. पंडवानीच्या कापालिक शैलीत कलावंत उभे राहून, हातात तंबुरा घेऊन महाभारत सांगतो आणि सांगता सांगता स्वतःच भीम होतो. तोच तंबुरा गदा बनतो. इथे गाणारा काही काळ लढणारा होतो, मग पुन्हा निवेदक होतो.

तिसरे उदाहरण १९६२ च्याच युद्धाचे आहे. २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीच्या नॅशनल स्टेडियममध्ये पंडित नेहरूंसमोर लता मंगेशकर यांनी ‘ऐ मेरे वतन के लोगों’ गायले. शब्द कवी प्रदीप यांचे, संगीत सी. रामचंद्र यांचे, म्हणजे पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचे. या गाण्यात गाणारा मागे राहिलेला नागरिक आहे. तो इतर नागरिकांना हाक मारून गेलेल्यांची आठवण करून देतो. चाल घरातल्या माणसाने बोलावे इतकी जवळची आहे.

तिन्ही रीतींत एक गोष्ट समान आहे. जो मेला, तो स्वतः गात नाही.

३. चेहरे असलेले आवाज

आता ‘हकीकत’कडे वळू. ‘होके मजबूर मुझे’ हे गाणे घ्या. हिंदी चित्रपटाचा तेव्हाचा रिवाज असा की एका नायकाला एका गाण्यात एकच आवाज. इथे मदनमोहन यांनी चार आवाज घेतले : मोहम्मद रफी, तलत महमूद, मन्ना डे आणि तेव्हा अगदी नवखे असलेले भूपिंदर. भूपिंदर तर पडद्यावरही जवानाच्या भूमिकेत दिसतात. बर्फात अडकलेले जवान घरी आपली वाट पाहणाऱ्या व्यक्तीची कल्पना करत आहेत. कल्पना प्रत्येकाची आणि दुःख एकच, म्हणून चाल एक आणि गळे वेगवेगळे. तलतचा कापरा आवाज आणि मन्ना डे यांचा भरीव आवाज शेजारी येतात, तेव्हा तुकडी म्हणजे काय ते संवादाशिवाय कळते. प्रत्येक आवाजाला एक चेहरा आहे, हे लक्षात ठेवा.

दुसरे गाणे ‘मैं ये सोच कर’. नेहमीचा मुखडा, अंतरा आणि पुन्हा मुखडा हा फेरा त्यात नाही. एक माणूस प्रेयसीच्या दारातून उठून निघाला आहे. ती थांबवेल अशी त्याला आशा आहे. ती थांबवत नाही. शब्द पुढेच जात राहतात, मागे वळत नाहीत. मुखड्याकडे परतणे म्हणजे घरी परतणे असते आणि या माणसाला परतायचे नाही. रफींच्या आवाजाभोवती एकल व्हायोलिन फिरते. ते वाजवले आहे प्यारेलाल यांनी, पुढे लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतून प्रसिद्ध झाले ते. तालवाद्य जवळजवळ जाणवत नाही. युद्धपटातले हे गाणे इतके हळू आहे की आपण कान पुढे करतो. मी वर्गात नेहमी सांगतो की सिग्नल ओळखू येण्यासाठी तो मोठा असण्यापेक्षा आजूबाजूचा गोंगाट कमी असणे जास्त महत्त्वाचे. मदनमोहन यांनी गोंगाट कमी केला आहे.

४. चेहरा नसलेला आवाज

आता शेवट. लढाई संपली आहे आणि तुकडी संपली आहे. पडद्यावर जवानांचे मृतदेह दिसतात आणि ‘कर चले हम फिदा’ सुरू होते. आवाज पुन्हा रफींचाच, पण ओठ हलवणारे कोणीही नाही. पार्श्वगायनाचा सगळा खेळ आवाजाला शरीर देण्याचा असतो. इथे आवाज आहे आणि शरीरे निष्प्राण पडली आहेत. शब्दांत ‘आम्ही’ आहे आणि तो ‘आम्ही’ मेलेल्यांचा आहे. आधीच्या गाण्यात चार आवाजांना चार चेहरे होते, आता सगळ्यांचा मिळून एक आवाज उरला आणि चेहरा एकही नाही. चित्रपटभर केलेली मांडणी या एका बदलात पूर्ण होते.

लय संचलनाची आहे, पण पाय आपटायला लावणारी नाही. कोरस येतो तो जयघोषासारखा येत नाही, साथ देतो. निरोप घेणारे मागच्यांच्या हाती देश सोपवतात. शेवटाकडे कैफी रामायणातील प्रतिमा वापरतात आणि रक्षणाची जबाबदारी ऐकणाऱ्यावर टाकतात. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर असे की होय, हे हरलेल्या लढाईचे गाणे आहे आणि त्याचे बळ तिथूनच येते. जिंकलेल्याला काही सोपवावे लागत नाही. मराठीला हे समजायला जड जाऊ नये. १७६१ च्या पराभवाला आपण भाषेतच जागा दिली. आजही मोठी हार झाली की ‘पानिपत झाले’ म्हणतो.

५. मर्यादा

रसग्रहण म्हणजे केवळ स्तुती नव्हे. दोन उणिवा सांगतो. अंगमो ही लडाखी मुलगी आहे, पण ‘जरा सी आहट’मध्ये ती मुंबईच्या स्टुडिओतील व्हायोलिनांच्या साथीने नितळ उर्दू गझल गाते. गाणे अप्रतिम आहे आणि तरीही त्यात लडाख नाही. जवानांना चार आवाज देणाऱ्या संगीतकाराने ज्यांच्या भूमीवर युद्ध झाले त्यांना स्वतःचा आवाज दिला नाही.

दुसरी उणीव गाण्यापेक्षा त्याच्या वापराची आहे. निरोपाचे गाणे चित्रपटापासून कापले की त्याचे सहज आवाहन बनते : आम्ही मेलो, आता तुम्ही या. मृतदेह न पाहता ते ऐकले तर मरणाची किंमत ऐकू येत नाही. ‘बॉर्डर’ (१९९७) मधील ‘संदेसे आते हैं’ हे घरच्या पत्रांचे गाणे ‘होके मजबूर’च्याच वाटेवरचे आहे, पण तो विजयाचा चित्रपट असल्याने त्यातील व्याकुळता शेवटी जयघोषात सामावते. ‘हकीकत’मध्ये तशी सोय नाही.

६. समारोप

आम्ही बुंदी घेत रांगेत पुढे सरकत असताना मेलेली माणसे आमच्याशी बोलत होती. त्यात कोणाचा दोष नाही. गाणे कोण गाते हे आम्ही विचारलेच नव्हते. आता मी वाटप संपू देतो, सगळे बसले की दोन वाक्यांत प्रसंग सांगतो आणि मग गाणे लावतो, आवाज थोडा कमी ठेवून.

स्वाध्याय

१. ‘हकीकत’चा शेवटचा भाग आधी आवाज बंद करून पाहा, मग चित्र न पाहता नुसता ऐका, मग दोन्ही एकत्र अनुभवा. प्रत्येक वेळी काय बदलले ते पाच ओळींत लिहा.

२. ‘ऐ मेरे वतन के लोगों’ आणि ‘कर चले हम फिदा’ यांत बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण, याची तुलना करा.

३. तुमच्या भाषेतील युद्धावरचे एखादे लोकगीत मिळवा. त्यात हरलेल्याला आवाज आहे का, ते घरातील वडीलधाऱ्यांशी बोलून नोंदवा.