सात सामुराई आणि आपला जागल्या

मागच्या व्याख्यानानंतर बऱ्याच जणांची एकच मागणी आली: जपानच्या सरंजामी काळावर बोला, सामुराईंवर बोला. सामुराई म्हटलं की आपल्याकडे लगेच तलवार, स्वामिनिष्ठा, पोट चिरून घेणं, आणि मग ‘आपले मावळेही तसेच’ अशी गाडी सुरू होते. त्या गाडीत मला बसायचं नाही. आज एकाच चित्रपटाबद्दल बोलतो. अकिरा कुरोसावांचा ‘सेव्हन सामुराई’, १९५४ चा. तो आपल्या खानदेशातल्या माणसाला कसा दिसतो, एवढाच विषय.

कथा बहुतेकांना ठाऊक असेल. ‘शोले’ पाहिलेल्यांना तर निम्मी आधीच ठाऊक. डोंगरातलं एक गाव. जव पिकला की दरोडेखोर येणार, ही बातमी गावाला लागते. पाणचक्कीतला म्हातारा सांगतो, सामुराई आणा, भुकेले सामुराई शोधा. मोबदला काय? दोन वेळचा भात. आणि तो भात सामुराईंना घालण्यासाठी गाव स्वतः भगरीच्या जातीचं भरड धान्य खातं. आपल्याकडे पाहुण्याला गव्हाची पोळी वाढून घरची मंडळी ज्वारीची भाकरी खात, तसंच हे. सरंजामशाही म्हणजे काय, हे मला अनेक ग्रंथांपेक्षा त्या भाताच्या वाडग्याने जास्त नीट सांगितलं.

काळ साधारण १५८६ चा. शंभर वर्षांहून जास्त चाललेल्या यादवीने जपान पोखरलेला. (इकडे तेव्हा खानदेशावर बुऱ्हाणपूरचे फारुकी राज्य करत होते, अकबराने असीरगड घेतला तो १६०१ मध्ये.) मालक मेला किंवा हरला की त्याचे सामुराई रस्त्यावर येत. त्यातले काही भाड्याने लढत, काही वाट मारत. म्हणजे राखणारा आणि लुटणारा एकाच कारखान्यातून बाहेर पडलेले. चित्रपटात हे आहे, पण कडेकडेने. सरंजामी काळावरच्या या चित्रपटात सरदार कुठेच दिसत नाही, हेही लक्षात घ्या. अधिकाऱ्याकडे जावं म्हटलं तर तो लूट झाल्यावर उगवतो, असं गावकरीच म्हणतात.

चित्रपटाचा प्राण म्हणजे किकुचियो. तोशिरो मिफुनेंनी केलेला. शेतकऱ्याचा पोरगा, खोटी वंशावळ घेऊन सामुराई म्हणून मिरवणारा. गावात लपवलेली चिलखतं सापडतात. पळणाऱ्या, जखमी सामुराईंना मारून गावकऱ्यांनी ती मिळवलेली असतात. सामुराईंची माथी भडकतात. तेव्हा हा उसळतो. हो, शेतकरी लबाड आहे, धान्य लपवतो, खोटं रडतो; पण त्याला असं केलं कोणी? तुम्हीच ना? या जागी मी दर वेळी थांबतो. कारण दोनच वर्षांनी, १५८८ मध्ये, हिदेयोशीने शेतकऱ्यांची शस्त्रं काढून घेण्याचा हुकूम सोडला. हा हिदेयोशी स्वतः साध्या घरातून वर चढलेला! वर पोचल्यावर त्याने शिडी ओढून घेतली. यापुढे नांगरवाल्याच्या घरात तलवार नाही. किकुचियो हा त्या दारातून आत शिरू पाहणारा जवळजवळ शेवटचा माणूस.

आता खानदेशात या. आपल्याकडे गाव कोण राखत असे? जागल्या. खानदेशात तो पुष्कळदा भिल्ल असे. तो दयेपोटी आलेला नव्हता. त्याचा गावावर हक्क होता. खळ्यावर धान्याचा वाटा, कुठे थोडी जमीन. आणि जबाबदारी काय? चोरी झाली तर पावलांचा माग काढायचा, तो शेजारच्या शिवेपर्यंत नेऊन तिथल्या राखणदाराच्या हाती द्यायचा. माग आपल्याच गावात विरला तर भरपाई आपल्या माथी. केवढी बारीक व्यवस्था बघा! त्र्यंबक नारायण आत्र्यांचा ‘गावगाडा’ (१९१५) वाचलेल्यांना असल्या हक्कांचं महत्त्व सांगायला नको.

मग हक्क तुटला की काय होतं? पेशवाईच्या अखेरीस होळकर-शिंद्यांच्या फौजा खानदेश तुडवून गेल्या, पाठोपाठ १८०३ चा दुष्काळ आला. गावं ओस पडली. खळंच नाही तर वाटा कुठला? जागले डोंगरात गेले आणि वाटा मागण्याऐवजी घेऊ लागले. त्यांना आवरण्यासाठी कत्तली झाल्या, धरणगाव आणि चाळीसगावकडेही. १८१८ ला इंग्रज आले. १८२५ ला आउटरमने भिल्लांचीच पलटण उभी केली, ठाणं त्याच धरणगावात. लुटणाऱ्याला पुन्हा राखणारा केला, फक्त मालक बदलला. आणि खाज्या नाईक? सेंधव्याच्या घाटात रस्त्याची राखण करणारा कंपनीचा नोकर. १८५७ मध्ये तोच उठला, त्याच घाटात सरकारी खजिना लुटला. एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणीला लढाई झाली.

हे मनात ठेवून चित्रपट पुन्हा पाहिला की एक गोष्ट टोचते. कुरोसावांच्या दरोडेखोरांना चेहरा नाही. कांबेई कागदावर एकेका दरोडेखोरासाठी एकेक वर्तुळ काढतो आणि मेल्यावर खोडतो. दिग्दर्शकानेही जवळपास तेच केलं आहे. एक दरोडेखोर जिवंत हाती लागतो, गयावया करतो. तेवढ्यात मुलगा गमावलेली म्हातारी कुदळ घेऊन येते. सामुराई बाजूला होतात आणि कॅमेराही. तो कोण होता, कुठल्या गावचा, कधीकाळी कोणाचा पहारेकरी होता का? प्रश्नच नाही. एवढ्या करुणेचा माणूस, तीन तासांवरचा चित्रपट, आणि त्या माणसासाठी अर्धं मिनिट नाही! ही मला या थोर कलाकृतीतली खरी उणीव वाटते. लढाई लांबते वगैरे तक्रारी किरकोळ आहेत.

दुसरी बाजूही सांगतो. गाव वाचवायचं तर ओढ्यापलीकडची तीन घरं सोडावी लागतील, असं कांबेई ठरवतो. त्या घरांची माणसं भाले टाकून निघतात, तेव्हा तो तलवार उपसून त्यांना परत रांगेत आणतो. राखणदार म्हणजे नुसता परोपकारी नव्हे. कोणाचं घर शिवेच्या आत आणि कोणाचं बाहेर, हे तोच ठरवतो. इथे कुरोसावांनी डोळा चुकवलेला नाही. भिल्लांची वस्ती आपल्या गावांत कुठे असे, ते आठवून हा प्रसंग पाहा.

शेवटी चार सामुराई मेलेले असतात, चारही बंदुकीच्या गोळीने. उरलेले तिघे उभे, आणि गाव गात भातलावणी करतंय. त्यांच्याकडे बघायला कोणाला वेळ नाही. पुष्कळ समीक्षक याला कृतघ्नपणा म्हणतात. मला तसं वाटत नाही. भात खाऊ घातला, काम झालं, करार संपला. खळ्यावर यांचा वाटा कधी ठरलाच नव्हता. जागल्या मात्र पुढच्या सुगीला पुन्हा खळ्यावर येऊन उभा राहिला असता.

पुढच्या वेळी कोबायाशींचा ‘हाराकिरी’, १९६२ चा. त्यात भुकेला सामुराई स्वतःच सरदाराच्या दाराशी येतो. जमल्यास पाहून या.