सोयरे, मांडव आणि एकांत : ‘वृक्षवल्ली’चं एक वाचन

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर एक गृहस्थ भेटायला थांबले. निवृत्त, पत्नी वारलेली, मुलगा परदेशी. म्हणाले, “सगळे सांगतात, टेकडीवर जा, झाडांत बसा, एकटं वाटणार नाही. तुकोबांनीही तेच सांगितलंय ना? मी रोज जातो. खाली उतरलो की पुन्हा तेच.” त्यांच्यासाठी आज आपण तो अभंग वाचू. कारण आमच्या मते तुकोबांनी ‘तेच’ सांगितलेलं नाही.

या अभंगाचं आपण काय करून ठेवलंय? वृक्षारोपणाचा फलक आणि पर्यावरणदिनाचं भाषण. श्रीनिवास खळ्यांच्या चालीने आणि लताबाईंच्या आवाजाने तो घराघरांत पोचला, त्याबद्दल तक्रार नाहीच. तक्रार आहे ती पहिल्या ओळीशी थांबण्याबद्दल. जपानच्या वनखात्याने १९८२ साली ‘शिनरिन-योकू’ म्हणजे वनस्नान हा शब्द रूढ केला. आता आपणही तुकोबांना त्याच पंगतीत बसवतो : दोन तास झाडं, एकटेपणा बरा. औषधाच्या चिठ्ठीसारखं.

आधी ‘सोयरे’ हा शब्द पाहू. सगे रक्ताचे, सोयरे मुख्यतः लग्नसंबंधाने जोडलेले. (२०२४ पासून ‘सगेसोयरे’ची व्याख्या करता करता सरकारच्या नाकी नऊ आलेत, तेव्हा आपणही जपूनच बोलू. – हशा) सोयरे जन्माने मिळत नाहीत, सोयरीक करावी लागते. मग जाणं-येणं आलं, मानपान आला, रुसवेफुगवे आले. सोयऱ्याकडे कोणी बरं वाटावं म्हणून हजेरी लावून परत येत नाही.

आता पुढची कडवी बघा. आकाशाचा मांडव आहे. पृथ्वीचं आसन आहे. हरिकथेचं जेवण आहे, तेही नाना प्रकार करून, चवीने. पक्षी गाताहेत. सोयरे, मांडव, बसायला आसन, जेवण, गाणं... हे कशाचं वर्णन झालं? लग्नघराचं! निदान आम्हाला तरी तसं दिसतं. आणि हे मांडणारा माणूस कोण? १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात ज्याचं दिवाळं निघालं, ज्याच्या घरात एक बायको अन्न अन्न करत गेली. हे त्यांनी स्वतःच एका अभंगात सांगितलंय. गाथ्यातल्या अभंगांवर तारखा नसतात, म्हणून यातलं आधीचं कुठलं आणि नंतरचं कुठलं यावर आम्ही काही उभारत नाही. पण हे दोन अभंग शेजारी ठेवून वाचले की त्या जेवणाच्या कडव्यावर पूर्वीसारखं सहज डोलता येत नाही, एवढं खरं.

बरं, या लग्नघरात यजमान काय करतोय? इथे फलकवाले पार चुकतात. तुकोबा म्हणतात, या सुखामुळे एकांतात राहणं आवडतं. म्हणजे झाडांनी एकांत घालवला नाही, तो रुचकर केला. एकांत आणि एकटेपणा आपण सर्रास एकच धरतो. एकांत माणूस निवडतो, एकटेपणा अंगावर येऊन पडतो. आणि शेवटच्या चरणात संवाद आहे, वादही आहे, पण तो कोणाशी? झाडाशी नाही. स्वतःच्या मनाशी. या अभंगात झाड एक शब्दही बोलत नाही. आजच्या आपल्या निसर्गलेखनात पिंपळ उठून उपदेश करायला लागतो, “बाळा, खचू नकोस” वगैरे. तुकोबांनी झाडाच्या तोंडी काही घातलं नाही, हा त्यांचा प्रामाणिकपणा. सोयरे शांत बसलेत आणि त्यांच्या साक्षीने हा माणूस स्वतःशी भांडतोय. ते भांडण घरी, चार भिंतींत झालं असतं तर कसं झालं असतं, कल्पना करा.

आणखी एक. भंडाऱ्याचा डोंगर देहूपासून चालत जाण्याइतका आहे. तुकोबा तिथे जात आणि खाली येऊन कीर्तनाला उभे राहत. टाळकरी होते, ऐकणारे होते, छळणारा मंबाजीही होता. डोंगर हा गावाला पर्याय नव्हता. त्या गृहस्थांची अडचण बहुधा इथेच आहे : त्यांच्या टेकडीखाली देहू नाही. ते काम झाडांवर सोपवणं हा झाडांवरही अन्यायच. हे त्यांना सांगताना आम्हाला जड गेलं, कारण आमच्याकडे द्यायला देहू नव्हतं.

सोयरीक मात्र करता येते, आणि ती कशी होते हे बघायचं तर दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ उघडा, १९५६ चं. मराठी महिन्यांप्रमाणे लिहिलेलं. झाड फुललं की लिहिलं आणि विसरलं, असं तिथे नाही. पानगळ, पालवी, फूल, फळ, सगळ्याची पाळी येते. ‘निसर्ग’ अशा मोघम कोणाशी दुर्गाबाईंची ओळख नाही, प्रत्येक झाडाशी वेगळी आहे.

आम्ही त्या गृहस्थांना विचारलं, टेकडीवर ज्या झाडाखाली बसता ते कुठलं? म्हणाले, “नाव नाही माहीत. पण यंदा उशिरा पालवलं.”

आता प्रश्न घेऊया. मागे कोणीतरी हात वर केलाय...